चार हात यंत्राचे आणि एक सरांचा

मी समोर उभी राहिले की माणसं झोपतात. आमच्या घरच्यांचं म्हणणं असं, की मी बोलायला लागले तरी झोपतात. पण घरच्यांच्या मताला या लेखात जागा नाही.

मी भूलतज्ज्ञ. ऑपरेशनआधी माणसाला झोपवायचं, ऑपरेशन चालू असताना त्याला जिवंत आणि बेखबर ठेवायचं, आणि संपल्यावर उठवून त्याच्या बायकोच्या ताब्यात द्यायचं, हा माझा धंदा. अकोल्यात जन्मले, अकोल्यातच कामाला लागले, पुढे संसार अमरावतीला हलला तशी मीही हलले. खेड्यातली माणसं मला 'गुंगीवाल्या बाई' म्हणतात. पेढे सर्जनला मिळतात. मला मिळालाच तर डब्याच्या तळाचा चुरा, आणि तोही "बाई, तुमी कोन होत्या जी?" या प्रश्नासकट.

तक्रार अजिबात नाही. ऑपरेशनच्या वेळी पेशंटच्या छातीवर एक हिरवं कापड उभं ताणलेलं असतं. पलीकडे सर्जन, अलीकडे मी आणि पेशंटचं डोकं. या पडद्यावरून मी जेवढं नाटक पाहिलं, तेवढं तिकीट काढून कुणी पाहिलं नसेल. आणि या नाटकातले माझे पहिले नायक होते अकोल्याचे डॉ. राजूरकर. आम्ही त्यांना मोठे सर म्हणायचो.

सर उंच, आवाज त्याहून उंच, आणि पंजा असा की त्यांच्या मापाचे हातमोजे वेगळे मागवावे लागत. मी त्यांच्याकडे नवखी म्हणून रुजू झाले त्या दिवशीच त्यांनी माझं बारसं केलं. आमच्याकडे पोरी भुलाबाईची गाणी म्हणतात, सरांनी मला भूल देताना पाहिलं आणि जाहीर केलं, "ही आपली भुलाबाई." त्यानंतर माझं खरं नाव त्या इमारतीत कुणी उच्चारलं नाही. पगाराच्या दिवशी कारकूनसुद्धा "भुलाबाई मॅडम" म्हणायचा.

ओटीपोटातल्या कॅन्सरचं ऑपरेशन म्हणजे काय, ते ज्यांना माहीत नाही (आणि देव करो, कधी माहीत न होवो) त्यांच्यासाठी सांगते. अरुंद तोंडाच्या रांजणात तळाशी तांब्या पडला आहे असं समजा. हात आत घातला की उजेड बंद. आता तांब्या चाचपायचा, पण रांजणाला धक्का लावायचा नाही. रांजण हाडाचा. त्यात मूत्राशय, आतड्याचा शेवटचा भाग, मोठ्या रक्तवाहिन्या, सगळे चाळीतल्या बिऱ्हाडांसारखे भिंतीला भिंत लावून राहतात. बायकांचा रांजण जरा ऐसपैस. पुरुषांचा अगदीच कोता. (यावर मला बरंच बोलता येईल, पण संपादकांनी शब्दमर्यादा घातली आहे.)

त्या अंधारात सरांचा एवढा मोठा हात मनगटापर्यंत जायचा. कसा जायचा, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. डोळे छताकडे, बोटं तळाशी. आणि पडद्यावरून माझ्याशी समालोचन चालू:

"भुलाबाई, पोहोचलो. इथं काळोख आहे."

"मग परत या सर, चहा झालाय."

"थांब. इथं काहीतरी टणक लागतंय. पेशंट कसा आहे?"

"तुमच्यापेक्षा बरा आहे. त्याला घाम नाही आला."

ऑपरेशन झालं की बाहेर आलूबोंडे आणि तिखट रस्सा. रस्सा खाताना सरांना जेवढा घाम यायचा, तेवढा रक्तस्रावातही यायचा नाही.

आणखी एक रिवाज होता. काढलेला भाग स्टीलच्या तबकात ठेवून, वर फडकं घालून, सर स्वतः बाहेर नेऊन नातेवाइकांना दाखवायचे. "हे बघा, हे होतं आत." नातेवाईक बघायचे, एखादा मटकन खाली बसायचा, बाया पदर तोंडाला लावायच्या, आणि मग सगळे सरांच्या हातांकडे बघायचे. वऱ्हाडात डॉक्टरची डिग्री कुणी विचारत नाही. हातगुण विचारतात. सरांच्या हाताला गुण आहे, ही बातमी तेल्हाऱ्यापासून बार्शीटाकळीपर्यंत कुणी न छापता पोहोचली होती.

त्या हातगुणाच्या यादीतला एक माणूस म्हणजे बबनराव. तेल्हाऱ्याकडच्या एका गावचा आचारी. तरुणपणी आतडं फुटून बैलगाडीतून आला, पोट लाकडासारखं टणक. सरांनी वाचवला. तो माझ्या अगदी सुरुवातीच्या पेशंटांपैकी. तेव्हापासून दर वर्षी हिवाळ्यात सरांच्या दवाखान्यात ॲल्युमिनिअमचा डबा यायचा, आणि डबा उघडला की सगळ्या वॉर्डाला सुटी. आत रोडगे. ज्यांनी खाल्ले नाहीत त्यांच्याबद्दल मला सहानुभूती आहे. जाडसर कणकेचे पदर घालून वळलेले गोळे, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले, राख झटकून फोडलेले, आणि फोडल्या जागी तुपाची धार. सोबत वांग्याची भाजी. गावोगावच्या पंगती बबनरावाशिवाय उठत नसत.

सर थकले, दवाखाना बंद केला, शहराबाहेरच्या मळ्यात राहायला गेले. हाताला कंप सुटला होता. कपातला चहा बशीत आपोआप यायला लागला, तेव्हा त्यांनीच एक दिवस चाकू खाली ठेवला. मी तोवर अमरावतीत रुळले होते. आणि आमच्या हॉस्पिटलात आला रोबोट.

पहिल्या दिवशी तो प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला होता, लग्नात आलेल्या सोफ्यासारखा. आमच्या थिएटरातल्या रेखा सिस्टरनं त्याला हळदीकुंकू वाहिलं. लोकांना वाटतं हा रोबोट स्वतः ऑपरेशन करतो. अजिबात नाही. त्याला स्वतःची अक्कल शून्य, एवढ्या बाबतीत तो काही नातेवाइकांसारखा आहे. त्याला चार हात. एकात कॅमेरा, बाकीच्या तिन्हींत हत्यारं. सर्जन कोपऱ्यात एका पेटीपाशी बसतो, पेटीत डोकं घालतो, आणि तिथून बोटं हलवतो. तशी पेशंटच्या पोटात ती हत्यारं हलतात. त्यांना मनगट असतं, कुठल्याही बाजूला वळतं, थरथरत नाही. रांजणाच्या तळाशी उजेड जातो, आणि सगळं मोठं होऊन खोलीसकट दिसतं. फक्त स्पर्श कळत नाही.

हा रोबोट चालवणारा डॉ. निनाद. बार्शीटाकळीचा मुलगा, मोठ्या सरांचा शेवटचा विद्यार्थी, मग मोठ्या शहरांत शिकून परत आलेला. गुणी. अबोल. माझी पंचाईत ही की पडद्यापलीकडे आता कुणी उभंच नसतं. निनाद कोपऱ्यात पाठमोरा, आणि त्याचा आवाज येतो स्पीकरमधून, रेल्वे स्टेशनवरच्या सूचनेसारखा. मी विनोद केला तर हसायचं कुणी? रोबोटनं? पहिले कित्येक महिने मला एकांकिकेत एकटीच उभी असल्यासारखं वाटायचं.

तर असा एकूण संच जमलेला असताना, माझ्या तपासणीच्या खोलीत एक माणूस आला. धोतर, टोपी, गळ्यात पंचा, सोबत बायको. मी रक्तदाबाचा पट्टा बांधते तोच तो म्हणाला,

"बाई, तुमी अकोल्याच्या भुलाबाई नं जी?"

तीस वर्षांच्या नोकरीत मला ओळखणारा पहिला पेशंट. मी पट्टा हातात धरून तशीच बसले. तो बबनराव होता.

गुदाशयाचा कॅन्सर. अगदी खालच्या टोकाजवळ. औषधं आणि विजेचे शेक देऊन गाठ लहान करून झाली होती, आता ऑपरेशन. निनादनं त्याला सगळं नीट समजावलं होतं: ऑपरेशन तो स्वतः करणार, या यंत्रानं करणार. गाठ काढल्यावर आतडं खाली जोडता आलं, तर काही महिने पोटावर पिशवी, मग ती निघेल. जोडता आलं नाही, तर पिशवी कायमची.

बबनरावानं मरणाबद्दल एक शब्द विचारला नाही. माझ्याकडे वळून म्हणाला, "बाई, पोटावर हागनदारीची पिशवी घेऊन मी चुलीपाशी बसलो, तं कोन खाईन माया हातचं?"

कांताबाई, त्याची बायको, त्याच्यावर खेकसली, "जीव वाचून राहिला थे पाह्यना! रोडग्याचं काय घेऊन बसले!"

"तुले काय कयते? मले दुसरं येतेच काय?"

या माणसाला दुसरं काहीच येत नव्हतं, हे खरं होतं. आणि गावाला जे वाटेल ते त्याला आमच्यापेक्षा जास्त ठाऊक होतं, हेही खरं होतं.

मग त्यानं अट घातली. मशीन चालेल, निनाद डॉक्टर चालतील, सही पाहिजे तिथं करतो. पण मोठ्या साहेबांचा हात लागला पाहिजे.

निनाद समजावत म्हणाला, "काका, सरांनी ऑपरेशन करणं सोडलं. आता करणार मीच."

"तुमीच करा नं. मी कुठी नाई म्हनतो? या मशीनले चार हात हायेत, देवाले बी असतेत. पर देवाच्या मूर्तीले आदी कोनाचा तरी हात लागते तवा थो देव होते. साहेबानं हात लावला का तुमी सुरू करा."

निनादनं माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं अकोल्याला गेलो.

सर मळ्यात संत्र्याच्या झाडाखाली खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी ऐकून घेतलं आणि दोन्ही हात पुढे केले. हात पानासारखे हलत होते.

"हे हात हवेत त्याला?"

"लावायला हवेत सर, चालवायला नकोत," मी म्हटलं.

"भुलाबाई, तू अजून तशीच वात्रट आहेस."

"पेशंट झोपलेले असतात सर, सुधारणार कोण मला?"

ते हसले. मग निनादला म्हणाले, "मी येईन. पण त्याला स्पष्ट सांगायचं, मी फक्त बघायला येतोय. आणि तुझा तो चार हातांचा राक्षस मला एकदा बघायचाच आहे."

ऑपरेशनच्या सकाळी सर थिएटरचे कपडे घालून आले, तेव्हा रेखा सिस्टर उगीचच ट्रॉली पुसायला लागली. सर टेबलापाशी गेले आणि आपला तो मोठा पंजा बबनरावाच्या पोटावर ठेवला, जुन्या ऑपरेशनच्या व्रणावर. ठेवल्यावर हात हलायचा थांबला. मी पाहिलं. कंप असलेल्या माणसाचा हात कुठे टेकला की थांबतो, त्यात चमत्कार काही नाही, हे मला डॉक्टर म्हणून माहीत आहे. पण बबनरावाला ते माहीत नव्हतं, आणि मी काही सांगायला गेले नाही.

"मी नुसता बघणार आहे, बबन. करणार निनाद."

"हाव जी. लागला नं हात. आता झोपवा बाई."

मी झोपवलं.

आता माझ्या बाजूची गंमत सांगते. या ऑपरेशनात टेबल असं तिरकं करावं लागतं की पेशंटचं डोकं खाली, पाय वर. म्हणजे आतडी छातीकडे घरंगळतात आणि रांजण मोकळा होतो. पोटात गॅस भरून ते फुगवतात. मग रोबोट येऊन चारही हातांनी पेशंटला असा कवेत घेतो की मला माझ्याच पेशंटपर्यंत पोहोचायला जागा उरत नाही. एकदा ते हात जोडले की टेबल तसूभरही हलवायचं नाही. गॅस भरताना काहींचं हृदय रुसतं, ठोके मंदावतात. बबनरावाचेही मंदावले. मॉनिटरवरचा आकडा उतरायला लागला तशी मी ओरडले, "निनाद, थांब. गॅस सोड!"

त्यानं एका क्षणात सोडला. मी औषध दिलं. आकडा परत चढला. सरांनी माझ्याकडे बघून मान हलवली. एवढी शाबासकी मला त्यांच्या दवाखान्यातही कधी मिळाली नव्हती.

मग निनाद खाली उतरायला लागला, रांजणाच्या तळाकडे. सरांना कॅमेऱ्याचं चित्र दाखवणाऱ्या मोठ्या पडद्यासमोर स्टुलावर बसवलं होतं. पहिला काही वेळ ते परीक्षकासारखे बसले होते. मग पुढे सरकले. मग आणखी पुढे.

"हे काय रे?"

स्पीकरमधून निनादचा आवाज आला, "कुठलं, सर?"

"ते पांढरं. केसासारखं. त्या बाजूला."

"नसा, सर. लघवीच्या आणि नवरा-बायकोच्या सुखाच्या. या वाचवल्या की माणसाला पुढे त्रास होत नाही."

सरांनी स्टूल आणखी पुढे ओढलं आणि, कुणाला उद्देशून नाही असं, म्हणाले, "पुस्तकात होत्या. मी कधी पाहिल्या नव्हत्या."

मग माझ्याकडे वळले. "भुलाबाई, त्या हरिभाऊला नंतर कायम लघवीची नळी लागली होती, आठवतो? आणि तो शाळामास्तर. जीव वाचला म्हणून पाया पडून गेला, आणि मग बायकोला घेऊन दोनदा येऊन काही न बोलताच परत गेला. मी या नसांवरूनच हात फिरवला असेन."

त्या हिरव्या पडद्यावरून मी या माणसाला कितीतरी वर्षं उत्तरं दिली होती. अंधारात जेवढं शक्य होतं तेवढं त्यांनी केलं होतं, आणि ती माणसं पुढे जगली होती. हे मी आता लिहू शकते. तेव्हा मी नुसता सलाइनचा थेंब मोजत असल्याचं नाटक केलं.

आणि नेमका तेव्हाच निनाद थांबला. हत्यारं जागच्या जागी स्तब्ध.

"डाव्या बाजूला चिकटलंय," स्पीकर म्हणाला. "शेकामुळे झालेला व्रण असेल. गाठही असू शकेल."

व्रण असेल, तर जरा जपून पुढे जाऊन आतडं खाली जोडता येणार होतं. गाठ असेल, तर तिथून आणखी खोल कापून सगळंच काढावं लागणार, आणि मग पिशवी कायमची. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसत होती, करडी, घट्ट. हे बोट लावून कळण्यासारखं होतं, आणि रोबोटला बोट नव्हतं.

इथे सरांनी जे केलं, ते जन्मभर पोटात हात घातलेला माणूसच करू शकतो. ते स्टुलावरून उठले, तरातरा टेबलाकडे निघाले, उजवा हात पुढे, बोटं वाकवलेली, चाचपायला तयार. हात धुतलेला नाही, मोजा नाही, समोर रोबोटचे निर्जंतुक हात पेशंटच्या अंगात रोवलेले. रेखा सिस्टरच्या तोंडून नुसता "अय्यो" निघाला. मी पडद्याअलीकडून सगळा दम लावून ओरडले,

"सर! हात!"

सर जागीच थिजले. स्वतःच्या हाताकडे असं बघितलं, जणू तो दुसऱ्याच कुणाचा आहे. मग दोन्ही हात काखेत दाबून, पहिल्या दिवशीच्या विद्यार्थ्यासारखे, भिंतीला पाठ लावून उभे राहिले. आम्ही सगळे हसलो. तेही हसले. पण हात त्यांनी शेवटपर्यंत काखेतून काढले नाहीत.

निनादनं पेटीतून डोकं बाहेर काढलं. "सर, तुम्ही काय केलं असतं?"

"मी? मी चाचपलं असतं, घाबरलो असतो, आणि सगळं काढून टाकलं असतं. जीव वाचवला म्हणून रस्सा खाल्ला असता." मग थांबून म्हणाले, "मला विचारू नकोस बाळा. तुला दिसतंय. मला कधी दिसलं नव्हतं."

निनादनं त्या कडेचा छोटा तुकडा काढला आणि लगेच तपासणीला पाठवला. उत्तर येईपर्यंत थांबायचं. उलटा टांगलेला बबनराव, त्याला मिठी मारून बसलेला रोबोट, आणि आम्ही. यंत्राचा पंखा तेवढा घुमत होता. मग मोठे सर भिंतीपाशी उभ्या उभ्या म्हणाले,

"भुलाबाई, पेशंट कसा आहे?"

किती वर्षांनी हा प्रश्न माणसाच्या तोंडून आला होता!

"तुमच्यापेक्षा बरा आहे सर. त्याला घाम नाही आला."

फोन वाजला. रेखा सिस्टरनं उचलला, ऐकला, आणि डोळ्यांनीच हसली. कडेला कॅन्सर नव्हता. नुसता व्रण होता.

निनाद पुन्हा पेटीत शिरला. त्यानंतरचं काम इतकं निगुतीनं झालं की बघताना मला जरा कंटाळाच आला, आणि आमच्या धंद्यात कंटाळ्यासारखं सुख नाही. नसा तशाच राहिल्या. आतडं खाली जोडलं गेलं. पोटावर तात्पुरती पिशवी आली.

रोबोटचे हात सोडवल्यावर निनादनं तबक सरांपुढे धरलं. "आज तुम्ही दाखवा, सर."

सरांनी हात काखेतून काढले. दार उघडून बाहेर गेले. मागून मी, कारण असा प्रवेश मी चुकवत नसते. त्यांच्या हातातलं तबक असं थरथरत होतं की आतला चिमटा वाजत होता. कांताबाईनं तबकात बघितलंच नाही. तिनं हातांकडे बघितलं.

"साहेब, लय थकले का जी? हात पाहा किती कापून राहिले! सकायपासून उभे असान."

"मी काही केलं नाही बाई. हे सगळं या निनादनं केलं. मी बसून होतो."

"हाव हाव. तुमी तं असंच म्हनसान. मोठे लोक असेच राह्यतेत."

निनादनं हात जोडले. पेढे कुणाला मिळाले असतील, ते सांगायला नको.

थोड्या वेळानं बबनरावाला बाहेर आणलं. आता, इतका वेळ डोकं खाली असलं की तोंड सुजतं. डोळे भज्यांसारखे होतात. दोन दिवसांत उतरतं. मी हे आधी सांगितलेलं असतं, पण ऐकतं कोण? कांताबाईनं नवऱ्याचं तोंड पाहिलं आणि माझ्याकडे वळली.

"काहून व बाई! बिमारी खाली होती, न् सुजवलं तोंड वरचं?"

तीस वर्षांत मला मिळालेलं हे एकमेव जाहीर श्रेय.

बबनराव घरी गेला. चार पावलं चालायला लागला, लघवी नीट होत होती, जखमा टिकलीएवढ्या. तपासणीला यायचा तेव्हा मी विचारायची, "चूल पेटली का?"

"पिसवी निघू द्या बाई."

"अहो, पिशवी शर्टाच्या आत. कुणाला दिसतेय?"

"दिसाले काह्यले पाह्यजे? साऱ्या गावाले ठाऊक हाये. नामदेव तात्याच्या घरच्या पंगतीले दुसरा आचारी बलावला. मले कोनी म्हनलं बी नाई."

नामदेव तात्या म्हणजे त्या गावातल्या प्रत्येक पंगतीचा कर्ता. पुढच्या खेपेला बबनराव आणखी एक वाक्य बोलला, ते मला जास्त लागलं. "पिसवी निघाल्यावर बी, बाई, लोकायच्या मनातून निंगते का?"

मी हे सरांना फोनवर सांगितलं. चुगली करायची हौस मला आहेच. पुढच्याच आठवड्यात सरांनी गडी पाठवून बबनरावाला मळ्यात बोलावून घेतलं, आणि मलाही फर्मान आलं. मी पोहोचले तेव्हा दोघांचं जुंपलं होतं.

"मी नाई करत साहेब. पिसवी निघाली का पहिला डबा तुमाले."

"मला डबा नको. मला इथं, या मळ्यात, चुलीवरचे हवेत. आणि पिशवी असतानाच हवेत."

"कोनी खानार नाई जी."

सर खुर्चीतून जरा पुढे झाले. "बबन, तू माझा हात मागितलास, तेव्हा मी अकोल्याहून आलो का नाही? त्या हातानं आता कपही धरवत नाही, हे तुलाही माहीत होतं. तरी मागितलास. तरी आलो. आता मी तुझा मागतोय."

बबनराव बराच वेळ टोपी हातात घेऊन फिरवत राहिला. मग कांताबाईला म्हणाला, "गोवऱ्या कितीक लागतीन?"

रविवारी मळ्यात पंगत बसली. निनाद, रेखा सिस्टर, आमचे घरचे (जेवायचं म्हटल्यावर ते झोपत नाहीत), आणि सरांनी मुद्दाम गाडी पाठवून आणलेली बबनरावाच्या गावची माणसं. त्यांच्यात नामदेव तात्या, पांढऱ्या मिशा, ओठ मिटलेले. बबनराव हात कोपरापर्यंत धुऊन, पुन्हा धुऊन, निखाऱ्यांपाशी बसला होता. रोडगा झाला का ते तो बोटानं दाबून बघायचा. सर खुर्चीतून त्या बोटाकडेच टक लावून बघत होते.

पत्रावळी मांडल्या. वाढून झालं. आणि पंगतीत ती विचित्र शांतता आली. कुणी आधी हात घालायचा, याची. कांताबाई पदराचं टोक चावत दाराशी उभी.

सरांनी रोडगा उचलला. फोडायला गेले, पण बोटं ऐकेनात. रोडगा पत्रावळीवर पडला. पुन्हा उचलला, पुन्हा पडला. बबनराव उठून आला, सरांसमोर उकिडवा बसला. रोडगा घेतला, फोडला, राख फुंकली, तूप सोडलं, भाजीत बुडवला आणि स्वतःच्या हातानं सरांच्या तोंडाजवळ नेला.

सरांनी खाल्ला. डोळे मिटून, सावकाश, मिशीला तूप लावून. मग म्हणाले, "वाढ आणखी."

निनादनं खाल्ला. मी तर केव्हाच सुरुवात केली होती, पण माझी गणना कोण करतो? सगळे नामदेव तात्याकडे बघत होते. तात्यानं पत्रावळीकडे पाहिलं, बबनरावाकडे पाहिलं. एक तुकडा मोडला, भाजीला लावला, तोंडात टाकला. चावला. कपाळाला आठी पडली.

"बबन्या!" तात्या गरजला.

"जी?"

"भाजीत मीठ कमी हाये लेका! चार महिने चूल सोडली तं हात इसरला का?"

आणि बबनराव असा काही उजळला, की तसा चेहरा मी कुठल्याही पेशंटचा उठल्यावर पाहिलेला नाही.

"इसरतो कायचा! तुमची जीभच म्हातारी झाली तात्या! थांबा, आनतो!"

आणि तो पळाला. खरंच पळाला, चुलीपाशी आणि तसाच परत, पंगतीच्या मधून. एक हात शर्टावरून पिशवीवर धरलेला, आणि दुसऱ्यात मिठाचं भांडं.